न शिकवण्याचा पगार

विद्यापीठाने वेल्डन प्रेटरला अमेरिकन फुटबॉल संघाच्या कोचपदावरून काढलं, तेव्हा त्याच्या कराराची चार वर्षं उरली होती. म्हणजे दोन कोटी चाळीस लाख डॉलर त्याला घरी बसून मिळणार होते. घरी बसण्याचा एवढा दर साऱ्या मिसिसिपीत दुसऱ्या कुणालाच नव्हता.

अट एकच. त्याने मनापासून नोकरी शोधत राहायची, आणि तीही आपल्या बाजारभावाची. स्वस्तात कुठे चिकटला, तर उरलेले पैसे बंद. म्हणून वेल्डन मोठमोठ्या विद्यापीठांना अर्ज पाठवायचा, ती आदराने नकार कळवायची आणि नकाराची पत्रं वकिलाकडे फायलीला लागायची.

मार्चमध्ये ओटिस गॅडीचा फोन आला. ओटिस पिकेट गावच्या हायस्कूलचा मुख्याध्यापक. कॉलेजात दोघे एकाच संघात खेळलेले.

"आमचा कोच टेक्सासला पळाला रे. येतोस?"

"पगार?"

"बावन्न हजार. वर्षाचे, हं! शिवाय पोरांना गाडी चालवायला शिकवावं लागेल."

वेल्डन कितीतरी दिवसांनी हसला. सत्त्याऐंशी साली त्याने ह्याच शाळेत सुरुवात केली होती, अकरा हजारांवर. सकाळी पोरांना गाडी शिकवायची, दुपारी फुटबॉल. पुढे कॉलेजं आली. लाख झाले, दहा लाख झाले, मग साठ. मैदान शंभर यार्डांचंच राहिलं. शेजारच्या विद्यापीठाने आपल्या कोचला वाढवून दिले की ह्यालाही द्यायचे. हा हरला तरी द्यायचे, नाहीतर हा आता जाणार अशी बोलवा होऊन चांगली पोरं यायची थांबतील.

त्याने वकिलाला विचारलं, "फुकट शिकवलं तर?"

"फुकट तर मुळीच नको, कोच. तुमचा भाव शून्यावर येईल."

बायको, रोंडा, शेजारीच होती. "तुला शिट्टीच वाजवायचीय ना? मागच्या अंगणात वाजव. तळ्याकाठच्या घराचे हप्ते काय ओटिस भरणारे?"

नकार फोनवर देणं बरं दिसेना, म्हणून वेल्डन गाडी घेऊन पिकेटला गेला. ओटिस मैदानाच्या कडेला उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू महाग झालास."

"तसं नाही रे."

"माझ्याकडे पैसे नसते तर समजलो असतो. आहेत, मंजूर झालेत, आणि तू घ्यायला तयार नाहीस. कारण ते कमी नाहीत, फारच कमी आहेत."

"मग कुणाला घेणार?"

"इतिहासाच्या स्पेन्सरना. टीव्हीवर बरंच बघितलंय म्हणतात."

समोर पोरं सराव करत होती. पुढच्या फळीतला एक आडदांड मुलगा सगळा भार टाचांवर टाकून उभा होता. समोरच्याने धडक दिली की तो उताणा. दोनदा पडला, तसाच उठला, पुन्हा टाचांवर. सांगायला दोन शब्द लागले असते. वेल्डनचं तोंड उघडलं.

"बोल की," ओटिस म्हणाला. "इथे कोण वकील आहे?"

मैदानापलीकडच्या बाकांवर चार-पाच पालक बसले होते. त्यातल्या एका बाईने वेल्डनला ओळखून फोन उचलून धरला होता. फोटो काढत होती बहुधा.

"काही नाही," वेल्डन म्हणाला. दोन्ही हात खिशात घालून तो गाडीकडे निघाला.

मागे धप्पकन आवाज झाला. कोण पडलं हे बघायला त्याला वळावं लागलं नाही.