सभागृहातलं बाळंतपण

प्रसूती वॉर्डाच्या छताचा भलामोठा पोपडा भर सकाळी एका नुकत्याच रिकाम्या झालेल्या खाटेवर कोसळला आणि दुपारी फर्मान निघालं. इमारत धोकादायक, वॉर्ड बंद. नवी इमारत होईपर्यंत सगळ्या बायका शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात.

"होईपर्यंत!" मोठ्या सिस्टर हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. वॉर्डाच्या त्या प्रमुख, उभी हयात इथेच गेलेली. डोळ्यांचा विभाग असाच तात्पुरता म्हणून हलवला होता. तिथे आता साहेब लोकांच्या गाड्या उभ्या राहत.

इस्पितळ जुनं. कुणा व्यापाऱ्याची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा त्याने आपल्या गोदामात खाटा टाकून ते सुरू केलं होतं. मग साथी आल्या, पूर आला, एकदा आग लागली. दर संकटानंतर खोल्या वाढत गेल्या, पण बाळंतिणींना कुणी बाहेर काढलं नाही. निम्म्या शहराची नाळ इथेच कापलेली. आता बायका दुप्पट आणि खाटा त्याच. एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी. तरी दारातून कुणी परत गेली नव्हती.

सिस्टर तडक अधीक्षकांकडे गेल्या.

"छत पडलं तर जबाबदार कोण, सिस्टर?" अधीक्षक म्हणाले.

"त्या छताखाली एकही बाई ठेवायची नाही, हे मलाही कळतं. पण कळा देणारी बाई तेवढ्या लांब जाताना वाटेत अडली, तर त्याला जबाबदार कोण?"

"वरून आदेश आहे. उद्या गाड्या येतील. आणि इथे जागा आहेच कुठे?"

त्यांच्या पाठीमागच्या काचेतून नवं सभागृह दिसत होतं. मऊ गालिचा, थंड हवा, नावेएवढं लांब टेबल. उद्घाटनाच्या दिवशी गजबजलं होतं, त्यानंतर तिथे माशीसुद्धा फिरकली नव्हती.

"बघते," सिस्टर म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

वॉर्डात त्यांची थोरली जाऊ आया होती. घरी जाऊबाईंचा शब्द शेवटचा, वॉर्डात सिस्टरचा. त्यावरून दोघींची रोजची धुसफूस. पण बेत ऐकला आणि जाऊबाईंनी पदर खोचला. "नोकरी गेली तर घरी भांडी घासायला लावीन हं तुला," एवढंच म्हणाल्या आणि चादरी गोळा करायला लागल्या.

तरुण डॉक्टरीणबाई मात्र कचरल्या. "सिस्टर, आपण सगळेच गोत्यात येऊ."

"हॉलात शिरायचा गुन्हा माझा. तुम्ही फक्त पेशंट असेल तिथे या."

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. मग म्हणाल्या, "गरम पाणी आहे का तिथे?"

"साहेबांसाठी केलेली न्हाणीघरं आहेत. दोन."

"ऑक्सिजनची नळकांडी मी आणवते."

दुसऱ्या दिवशी गाड्या यायच्या आत खाटा हलल्या. नवरे, भाऊ, सासरे, जो हाताशी सापडला तो खाटेला लागला. गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. लांब टेबलावर जाऊबाईंनी रबरी चादर अंथरली आणि दोन्ही कडांना उशा लावून वर तान्ही पोरं ओळीने निजवली.

"आजवरची सगळ्यात कामाची बैठक," कुणीतरी म्हणालं.

अधीक्षक धावत आले, तेव्हा पडद्याआड एक बाई जिवाच्या आकांताने ओरडत होती. दारात जाऊबाई आडव्या उभ्या.

"बूट बाहेर, साहेब."

"मी अधीक्षक आहे!"

"असाल. आत बाळंतपण चाललंय."

हातमोज्यांनिशी सिस्टर बाहेर आल्या.

"हॉल आत्ताच्या आत्ता रिकामा करा! नाहीतर तुम्हाला निलंबित करीन."

"खुशाल करा. पण आधी बाळ येऊ दे. मग तुम्ही म्हणाल त्या कागदावर सही करते."

त्या वळून आत गेल्या. बाळ आलं, पण रडेना; निळसर, मलूल. डॉक्टरीणबाईंनी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, इवल्या तोंडावर मास्क धरून श्वास दिला. मग मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज निघाला, आणि पाठोपाठ असा टाहो की दारातल्या अधीक्षकांनी भिंतीला हात टेकला.

"बरं आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे," जाऊबाई म्हणाल्या. "लांब पाठवलं असतं तर नसतं."

गाड्या रिकाम्या परतल्या. पण निलंबन काही टळलं नाही. चौकशीत सिस्टरना विचारलं, "पुन्हा असं कराल?"

"छत पुन्हा पडलं तर करीन."

त्यांची पगारवाढ रोखली आणि त्यांना त्वचारोग विभागात पाठवलं. हॉल रिकामा करायला मात्र कुणी धजावलं नाही. दाराशी रोज बाळंतिणींची माणसं ठाण मांडून बसत. साहेबांना आपलं सभागृह परत हवं होतं, तेव्हा छताच्या दुरुस्तीची कधीची अडलेली फाईल अशी पळाली की विचारू नका.

छत दुरुस्त होऊन वॉर्ड आपल्या जागी परत गेला, त्या दिवशी पहिल्या खाटेचं एक टोक सिस्टरनी उचललं. तिथे त्यांचं काही काम नव्हतं. अधीक्षक जिन्यातच भेटले. त्यांनी बघितलं, घसा खाकरला आणि खाट जाऊ द्यायला भिंतीला चिकटून उभे राहिले.