तिसरा रकाना

हसू नका, पण मी एक रजेचा अर्ज बोलतोय. बल्बच्या कारखान्यातला, एका पानाचा, छापील. मुळात माझा जन्म बाळंतपणाच्या रजेसाठी. पुढे दत्तक बाळासाठीही रजा द्यायचं ठरलं, तेव्हा काम माझ्याच गळ्यात पडलं. माझं एक अक्षर मात्र कोणी बदललं नाही.

चार वर्षं मी कपाटातल्या गठ्ठ्यात पडून होतो. मग एका सोमवारी मला बाहेर काढलं ते दिवेवालीसाठी. बल्ब पेटतो की नाही हे बघणं तिचं काम, म्हणून सगळे तिला दिवेवाली म्हणत. हात रुमालाला पुसून तिनं मला अक्षर अक्षर कोरून भरलं. सात महिन्यांची मुलगी तिच्या घरी येणार होती. बाळगृहाची अट एकच: शुक्रवारच्या बैठकीत चारच्या आत आईची मंजूर रजा दाखवा, बाळ त्याच दिवशी घरी न्या. नाहीतर पुढची बैठक महिन्यानं, आणि यादीत मागे आणखी घरं होतीच.

माझा तिसरा रकाना विचारतो, 'प्रसूतीची अपेक्षित तारीख'. तिथं तिचा पेन अडला. मग तिनं एक आडवी रेघ मारली. मला माझीच शरम वाटली.

रजा बघणारे कारकून म्हणजे रजाकाका. माणूस वाईट नव्हता, पण रिकामा रकाना दिसला की कागद 'अपूर्ण'च्या ट्रेमध्ये, आणि तो ट्रे उघडायचा शनिवारी. तीस वर्षांची शिस्त! मंजुरीची चिठ्ठी खाली कारखान्यात येईल म्हणून दिवेवाली वाट बघत राहिली, आणि मी इथं उताणा पडलेला. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शुक्रवारी तीन वाजून गेल्यावर ती धापा टाकत वर आली.

"काका, माझ्या अर्जावर सही झाली ना?"

"अहो ताई, तो अपूर्ण आहे. तारीख कुठंय?"

"कुठली तारीख लिहू? मी का बाळंत होणार आहे?"

"द्या आजची ठोकून," शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं.

"लेकीला घरी आणायचं ते खोटं लिहून?" तिचा आवाज चिरकला. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. नवरा बाळगृहात जाऊन बसला होता. त्या शांत खोलीत त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.

"अगं, साडेतीन होत आले. ती माझ्या मांडीवर आहे. इथल्या बाई सारख्या घड्याळ बघतायत."

काकांनी मला ट्रेमधून ओढलं. 'प्रसूतीची' या शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'घरी येण्याची'. छापील अक्षराला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

"हं, आता भरा तारीख."

तिनं आजची तारीख लिहिली. एवढ्यात खाली, ज्यांची सही हवी त्या साहेबांची गाडी सुरू झाली. एरवी पाण्यालाही न उठणारे काका मला घेऊन जिन्यावरून धावत सुटले. उन्हानं तापलेल्या बॉनेटवर माझी पाठ भाजली, पण सही झाली. दिवेवालीनं तिथंच माझा फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

चारला आठ मिनिटं कमी असताना त्याचा फोन आला. पलीकडून फक्त एक बाळ बडबडत होतं. दिवेवाली पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली.

आता मी फाइलमध्ये असतो. कडा पिवळ्या पडल्यात. उद्या कोणी तपासणीला आलं आणि माझ्यावरची खाडाखोड बघून नाक मुरडलं, तर त्यांना एवढंच सांगा: याला पुन्हा त्या ट्रेमध्ये टाकू नका. याचा तिसरा रकाना भरलाय.