डावखुरी रायफल

शशिधरच्या घरात एकच कायदा होता आणि तो त्यानेच केला होता: तनयाच्या डाव्या हाताबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. गणपतीला साउथहॅम्प्टनच्या घरी जमलेल्यांपैकी कुणी चुकून "बेटा, प्रसाद उजव्या हाताने घे" म्हटलं, की हा आरतीचं तबक खाली ठेवून भाषण सुरू करायचा. बायकोला, शिल्पाला, ते तोंडपाठ झालं होतं. तो जन्माचा डावखुरा. पहिलीत असताना आईने डावा हात रुमालाने कमरेला बांधून उजव्याने पाटी गिरवून घेतली, आणि म्हणून आज तो उजव्या हाताने लोकांचे मोतीबिंदू काढतो. "माझ्या मुलीवर असली जबरदस्ती होणार नाही!" हे शेवटचं वाक्य. त्याची आई, सुमनताई, सहा महिने पुण्याला आणि सहा महिने इथे असायच्या. भाषण चालू असताना त्या सोफ्यावर बसून निवांतपणे मटार सोलायच्या.

तेरा वर्षांची तनया शाळेतल्या मैत्रिणीचं बघून रायफल क्लबात जाऊ लागली आणि सगळ्यांना चकित करून त्यात रमलीही. वसंतात काउंटीच्या ज्युनियर टीमची निवड होती. त्या टीमखेरीज पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं. एका रविवारी शशिधर तिला आणायला लवकर पोचला, आणि बघतो तर काय, पोरगी मॅटवर पालथी पडून रायफल उजव्या खांद्याला लावलेली. क्लबच्या सगळ्याच रायफली उजव्या हाताच्या. त्याच्या मस्तकात तिडीक गेली.

"शी सीम्स क्वाइट कम्फर्टेबल," कोच केन हळूच म्हणाला.

वीस वर्षं या देशात काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं, की इंग्रज याहून मोठ्या आवाजात विरोध करत नाही. पण शशिधरला केनच्या जागी पाटी-पेन्सिल घेतलेली आई दिसत होती. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, की तनयाला स्वतःची रायफल मिळेल, आणि ती डावखुरी असेल.

मग घरात दुसरा विषय उरला नाही. लायसन्ससाठी तो स्वतः क्लबाचा मेंबर झाला, भिंतीत लोखंडी कपाट ठोकून घेतलं, पोलीस येऊन ते हलवून बघून गेले. शेवटी एका शनिवारी बापलेक दुकानात गेले. पहिली रायफल कशी हवी, यावर शशिधरने एवढं वाचलं होतं की दुकानदाराला बोलायला जागाच उरली नाही. पॉइंट टू-टूची, छोट्या काडतुसांची साधी रिमफायर, वजनाला हलकी, काडतूस भरायचा खटका, म्हणजे बोल्ट, डाव्या बाजूला, दस्ता मुलांच्या मापाचा, पुढे उंची वाढली की मागे तुकडे बसवून लांब करता येईल असा. तशी एकच होती. शशिधरने ती हातात घेतली, बोल्ट मागे-पुढे केला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की तनया बघतच राहिली.

"नेम धरताना हिचा डोळा कुठला चालतो, पाहिलंय ना?" दुकानदाराने विचारलं.

"मी डोळ्यांचाच सर्जन आहे," शशिधर म्हणाला, आणि प्रश्न तिथेच मिटला. हाच प्रश्न तो आपल्या पेशंटना रोज विचारतो, हे त्याला आठवलं नाही. तनयाने तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं आणि मिटलं.

नवी रायफल आल्यापासून तनयाचे नेम चुकायला लागले. शशिधरने काडतुसांना दोष दिला, रायफलच्या पट्ट्याला दिला, क्लबातल्या दिव्यांना दिला. "सवय होईल," असं तो रोज म्हणायचा. पोरगी मान डोलवायची. निवड आठवड्यावर आली तरी सवय काही झाली नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो तिच्या खोलीत डोकावला. तनया होमवर्क करत होती. चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटपट्टी लावलेली.

"हे काय? कोणी सांगितलं तुला?"

"नोबडी. मीच लावली." ती कावरीबावरी झाली. "केनने फर्स्ट डेलाच टेस्ट केली होती. माझा उजवा डोळा स्ट्राँग आहे, बाबा. सो आय थॉट, तो थोडे दिवस बंद ठेवला तर डावा शिकेल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू शॉपमध्ये इतका हॅपी होतास. आय'व्ह नेव्हर सीन यू लाइक दॅट."

सुमनताई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्म्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"आमच्या वेळी या चिकटपट्ट्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "रुमालावर भागवावं लागायचं."

शशिधरला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. मग स्वतःच्या हाताने पट्टी काढली. चिकट डाग निघता निघेना. उद्या क्लबची जुनी रायफल घे आणि उजव्या खांद्याला लाव, असं त्याने तिला सांगितलं. सांगताना पुन्हा आपणच ठरवतोय, हे त्याच्या लक्षात आलं. "तेच करणार होते," तनया म्हणाली.

रविवारी तिची राखीव खेळाडू म्हणून निवड झाली. आठवडे वाया गेले नसते तर काय झालं असतं, हे शशिधरच्या मनातून जाईना. सगळे चहाला गेल्यावर केनने विचारलं, डावखुरी विकायची का? मला गिऱ्हाईक बघता येईल.

"आधी एकदा मी चालवून बघू?" शशिधर म्हणाला. मेंबर होऊन इतके महिने झाले, पण मॅटवर तो कधी आडवा झाला नव्हता.

बरोबर आणलेली डावखुरी घेऊन तो पालथा पडला. केनने हात कुठे ठेवायचा ते सांगण्याआधीच त्याचा डावा हात बोल्टवर गेला होता. दस्ता खांद्यात रुतत होता, मान आखडली होती, कोपर कुठे ठेवावं कळत नव्हतं. केनने होते नव्हते ते सगळे तुकडे मागे बसवून पाहिले.

"नाही जमणार," केन म्हणाला. "लहान मुलाच्या मापाची आहे ही."

"माप बरोबर आहे," शशिधर म्हणाला. "यायला उशीर झाला."

आणि त्याने केनकडे काडतुसं मागितली.