मिठाचा बर्फ

दुष्काळात जनावरं छावणीला गेली अन् चकलांब्याजवळच्या आमच्या दूध सोसायटीची थंड खोली रिकामी पडली. तिथं कॉलेजात शिकणारी माझी भाची सरस्वती मिठाच्या पाण्याच्या लाद्या गोठवायची. गुरू ग्रहाच्या एका चंद्रावर म्हणं समुद्राच्या वर खारट बर्फ हाय. तिथं यंत्र उतरलं तर तो बर्फ वजन पेलंल का, हे ती लाद्या दाबून, मोडून बघायची. "घोटभर गोडं पाणी न्हाई गावात, अन् हिला चंद्राची पडलीय!" मी लई चिडवायचे. चेअरमन अर्जुनराव मात्र येईल त्याला छाती फुगवून सांगायचा, "चंद्राचा बर्फ हाय, वितळायचा न्हाई!"

मार्चात एका पहाटे शेजारची बायनाबाई गेली. एकुलता पोरगा आसाराम कोल्हापूरकडं ऊसतोडीला; त्याला लगेच निरोप दिला. तो आईचं तोंड बघायला येईस्तोवर मढं ठेवायचं तर बर्फ पायजे, अन् गेवराईचा बर्फाचा कारखाना पाण्यावाचून बंद. दुधाच्या खोलीत मढं ठेवायला कुणी तयार न्हवतं. मीच सरस्वतीपुढं हात जोडले. पोरीनं सगळ्या लाद्या दिल्या. म्हणली, "आत्या, मिठाचा बर्फ साध्या बर्फाच्या आधीच पाझरतो, टिकायचा न्हाई. आसारामला आत्ताच निघायला सांगा."

आसारामला लावलेला फोन अर्जुनरावाच्या हातात. "कामून घाबरतो रं? चंद्राचा बर्फ हाय आपल्याकडं. सावकाश ये!"

"अहो, पोरगी काय सांगतीय ते ऐका की!" मी ओरडले. त्यानं फोन ठेवून दिला. मी परत लावत बसले, पण लागंना. एकदा लागला तेच नशीब, उसाच्या फडात कुठली आलीय रेंज?

दुपारपर्यंत लाद्यांचा भुगा झाला. खारं पाणी बाजेखालून अंगणभर पसरलं. आमी बाया वर पोती टाकत होतो. सरस्वती रडत रडत तोच भुगा ओंजळीनं परत मढ्याभोवती लावत होती. मला तिच्याकडं बघवंना. संध्याकाळी वास सुटला, तेव्हा जाणती माणसं म्हणली, उचला आता. मग उचललं.

आसाराम दुसऱ्या दिवशी उसाच्या ट्रकनं आला. अर्जुनराव सकाळीच बीडला मिटिंगला पळाला होता, मुडदा बशिवला त्याचा! अंगणात बाजेच्या जागी मिठाचा पांढरा डाग राहिला होता. आसाराम त्याच्यावर हात ठेवून बसला.

"भिवरामावशी," तो मला म्हणला, "फोन आला तवा बीडची गाडी समोर उभी होती. मी चढलो बी होतो. चेअरमन म्हणले सावकाश ये, म्हणून उतरलो."