अण्णाच्या तोंडचं वाक्य

गुळप्पा अंगडीचा उभा जन्म दुसऱ्यांना वाक्यं पुरवण्यात गेला. कंपनी नाटकाचा तो प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही ठेवायची आणि नटाची जीभ अडखळायच्या आत पुढचं वाक्य त्याच्या कानावर सोडायचं. गदग, इलकल, बागलकोट, जिथे जत्रा तिथे कंपनीचा तंबू, आणि त्या तंबूत राजापासून हुजऱ्यापर्यंत सगळे गुळप्पाच्या जिवावर बोलायचे. टाळ्या त्यांना मिळायच्या. गुळप्पाला चहा मिळायचा, तोही बहुधा गार.

त्रेसष्टाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा माईकसमोर उभं केलं गेलं ते बंगळुरात, आणि मेलेल्या भावाच्या जागी.

चार गोष्टींचा एक सिनेमा होता. चार दिग्दर्शक, चार गोष्टी, आणि प्रत्येकीत एकेक माणूस शेवटी बदलतो. नाव अजून ठरायचं होतं. एकाच सिनेमात चार-चार माणसं सुधारायला लागली तर बघणाऱ्यांनी घरी जाऊन करायचं काय, असं गुळप्पाच्या मनात आलं होतं. तिसऱ्या गोष्टीत मुख्य काम त्याच्या थोरल्या भावाचं, चनवीरप्पा अण्णाचं होतं. या भावांच्याच रोण गावाकडचा एक हेकट म्हातारा. मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिला घराबाहेर काढतो आणि आठ वर्षांनी तिच्या दारात जाऊन उभा राहतो. शूटिंग गदगच्या डोंगरावर, पवनचक्क्यांखाली झालं. वारा असा सुटला की नटांचे आवाज त्यात वाहून गेले. स्टुडिओत पुन्हा भरून घेऊ म्हणून मंडळी उठली, आणि तीन आठवड्यांनी चनवीरप्पा आंघोळ करून लिंगपूजेला बसला तो उठलाच नाही.

बंगळूरचे दोन आवाज आणून पाहिले. पण त्यांची कन्नड म्हैसूरकडची, मऊ. रोणच्या म्हाताऱ्याच्या ओठांवर ती बसेना. हल्ली कंप्युटरही मेलेल्याचा आवाज काढून देतो. त्याला चनवीरप्पाच्या बायकोने, नीलव्वाने, साफ नकार दिला. ती म्हणाली, "रोणला त्यांचा धाकटा भाऊ आहे. दोघांचा आवाज एकच. फोनवर मीसुद्धा फसायची."

हा निरोप रोणला पोचला तेव्हा गुळप्पा दोन दिवस जाऊ की नको करत राहिला. त्या घराशी त्याचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. भावाच्या मातीलाही तो गेला नव्हता.

कारण गावाला एक माहीत होतं आणि खरं दुसरंच होतं. गाव म्हणायचं, चनवीरप्पा सिनेमात गेला, मोठा झाला आणि आईच्या मातीलासुद्धा आला नाही. खरं असं की त्याला कुणी कळवलंच नव्हतं. आई नऊ दिवस अंथरुणावर होती आणि नऊही दिवस तिच्या तोंडी एकच नाव. तिचं हगणं-मुतणं गुळप्पा काढत होता, पेज गुळप्पा भरवत होता, आणि ती विचारायची, "चन्या आला का रे?" गुळप्पा जळून खाक झाला. अण्णाचा फोन आला की सांगायचा, "साधा ताप आहे, उतरेल. तू शूटिंग सोडून येऊ नको." दहाव्या दिवशी सकाळी ती गेली, संध्याकाळी तिला शेतात समाधीत बसवलं, मग त्याने फोन केला. आणि लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "कळवलं होतं. नाही आला."

अकराव्या दिवशीच्या पूजेला अण्णा आला. अंगणात भरल्या पंगतीत गावातल्या वडीलधाऱ्या रुद्रगौडाने त्याला विचारलं, "आईच्या मातीपेक्षा सिनेमा मोठा झाला काय रे?" अण्णाने गुळप्पाकडे पाहिलं. गुळप्पाने मान खाली घातली. अण्णा पानावरून उठला, आईच्या समाधीवर बेलपत्र ठेवलं आणि गेला तो पुन्हा रोणला आला नाही.

एवढं सगळं घेऊन गुळप्पा बंगळुरात उतरला होता. आपण कधीतरी हे सांगून टाकू, असं त्याने अकरा वर्षं स्वतःला सांगितलं होतं. आता ज्याला सांगायचं तोच राहिला नव्हता.

स्टुडिओ म्हणजे एक गार खोली. एका बाजूला काच, काचेपलीकडे यंत्रं. यंत्रांपाशी मंगळूरचा डेन्झिल, त्याच्या शेजारी दिग्दर्शिका प्रणती, तिशीची, सारखी नखं खाणारी. मागच्या कोचावर पांढऱ्या लुगड्यात नीलव्वा. आवाज जमतोय का हे तिने सांगायचं होतं. गुळप्पा आला तेव्हा तिने फक्त "प्रवास नीट झाला का, भावजी?" एवढं विचारलं आणि पदर सावरून बसली.

पहिले दोन तास मजेत गेले. अण्णाचं खाकरणं, अण्णाचं "हां, मग?", बैलावर ओरडणं, शेजाऱ्याशी भांडण, गुळप्पाने एकामागून एक वाक्यं बसवली. पडद्यावर अण्णा तोंड उघडायचा आणि आवाज बाहेर पडायचा तो अण्णाचाच. प्रणतीने दोनदा डोळे पुसले. डेन्झिल म्हणाला, "सर, तुम्ही इतकी वर्षं होतात कुठे? आम्ही इथे बेडकांकडून गाणी म्हणवून घेतोय."

मग ते दार आलं.

पडद्यावर अण्णा मुलीच्या दारात उभा होता. हातात कापडी पिशवी, चपला आधीच काढलेल्या. मुलगी समोर. त्याला म्हणायचं होतं, "चुकलं माझं, पोरी. आत येऊ?"

गुळप्पा म्हणाला. डेन्झिलने थांबवलं. "सर, घाई झाली. ओठ उघडायच्या आत वाक्य आलं."

पुन्हा. पुन्हा घाई. सहाव्या वेळीही तेच. दहाव्या वेळी प्रणती काचेमागून उठून आत आली.

"सर, तुम्ही त्यांना वाक्य सांगताय. ते तुम्हीच म्हणायचंय," ती म्हणाली.

"सवय आहे, बाई. नट थांबला की माझं तोंड उघडतंच. चाळीस वर्षं नटांच्या पुढे अर्धा श्वास धावलोय मी."

"पण इथे ते विसरलेले नाहीत. मीच सांगितलं होतं थांबायला, चार सेकंद. ते म्हणाले, चार पुरायचे नाहीत, माणूस एवढ्या लवकर कबूल होत नाही. अकरा सेकंद थांबलेत बघा."

गुळप्पाने माईकपासून तोंड फिरवलं. तो म्हणाला, "जरा जेवून घेऊ."

नीलव्वाने डबा आणला होता. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. तिने सगळ्यांना वाढलं, गुळप्पाला जरा जास्तच वाढलं. डेन्झिलने भाकरीचा कुडकुड आवाज करत विचारलं, "ही खायची की वाजवायची, अम्मा?" ती हसली. गुळप्पाच्या तोंडात घास फिरत राहिला. या बाईने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

जेवणानंतर तो पुन्हा उभा राहिला. पडद्यावर अण्णा दारात आला. गुळप्पाने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि नुसतं पाहत राहिला. पहिल्यांदाच पाहिलं म्हणा ना. आधी तो फक्त ओठांवर टपून होता. अण्णाची हनुवटी हलत होती. पिशवी या हातातून त्या हातात जात होती. मुलीच्या चेहऱ्याकडे तो बघू शकत नव्हता, तिच्या पायांकडे बघत होता. मग मान वर आली, ओठ उघडले, आणि त्यामागून गुळप्पाचा आवाज आला, "चुकलं माझं, पोरी. आत येऊ?"

काचेपलीकडे यंत्रं थांबली. मग डेन्झिलने अंगठा वर केला. प्रणती पळत आत आली आणि गुळप्पाच्या पाया पडली. त्याने पाय मागे घेतले. सगळ्यांना वाटलं, गडी लाजला.

लाजलाच होता, पण कारण वेगळं होतं. अकरा वर्षं जे वाक्य तोंडातून निघालं नाही ते आज निघालं, आणि तेही भावाच्या तोंडून, भावाच्या खाती. जिवंतपणी अण्णाने दोष घेतला, आता मेल्यावर माफीही त्यानेच मागायची. गुळप्पाला स्वतःची शिसारी आली.

जिन्याखाली नीलव्वा रिक्षाची वाट बघत उभी होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"वैनी, आईच्या वेळी मी अण्णाला कळवलंच नव्हतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सगळं. ते रोणहून परत आले त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, असेच परत जा आणि चावडीवर उभं राहून ओरडा. तर म्हणाले, त्याला त्या गावात दिवस काढायचेत, मला नाही. आई त्याने सांभाळली, गाव त्याच्याकडेच राहू दे."

समोरून एक रिकामी रिक्षा गेली, नीलव्वाने तिला हात केला नाही.

"दर रविवारी फोन उशाशी घेऊन बसायचे, भावजी. गुळ्या आज करेल बघ, म्हणायचे. मी म्हणायची, तुम्हीच करा की. तर म्हणायचे, मी केला तर तो खोटं बोलेल. त्याचं त्याला सुचू दे." तिचा आवाज आता चढला होता. "तुमच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते विचारू नका. आज तुमचं नाव मी सुचवलं ते आवाजासाठी. त्यांचं शेवटचं काम होतं, ते परक्याच्या आवाजात नको होतं. बाकी काही मनात नव्हतं."

"वैनी, मला माफ करा."

"मी कोण माफ करणारी? माझं काय घेतलंत तुम्ही?" मग हळू म्हणाली, "घेतलंत म्हणा. त्यांना आईशेजारी समाधी हवी होती. शेतात, त्या आंब्याखाली. दहा वेळा बोलले असतील. मी नाही आणलं त्यांना. जे गाव त्यांना आईच्या मातीला न आलेला म्हणतं, त्या गावाच्या खांद्यावर मी माझा माणूस द्यायचा? इथेच ठेवलं, स्मशानाच्या भिंतीलगत, अनोळखी लोकांत."

रिक्षा आली. नीलव्वा आत बसली आणि बाहेर डोकावली.

"त्यांच्या समाधीवरची मूठभर माती आईजवळ ठेवायची आहे. मी घेऊन येईन. पण आधी तुम्ही गावात बोला. वाटेल तसं नाही, आता माझ्याशी बोललात तसं."

गुळप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी रोणला उतरला. घरी गेला नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात रुद्रगौडा नेहमीच्या बाकावर बसला होता, समोर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीभजी, भोवती पाच-सहा म्हातारे.

"या, हिरो!" रुद्रगौडा ओरडला. "बंगळूरने फेटा बांधला का नुसताच हार घातला? त्या नाटक्या भावाचा आवाज काढून आलास म्हणे. आईच्या मातीला न येणाऱ्याचा."

"गौडा, ते खोटं आहे," गुळप्पा म्हणाला.

"काय खोटं आहे?"

"अण्णाला मी कळवलं नव्हतं. तो रोज फोन करून विचारत होता आणि मी त्याला येऊ नको म्हणत होतो. तुम्हाला सांगितलं की कळवलं. त्याने पंगतीत मला उघडं पाडलं नाही. अकरा वर्षं पाडलं नाही. त्याला आईशेजारी जागा हवी होती, वैनी त्याच्या समाधीवरची मूठभर माती घेऊन येणार आहे."

विंगेतून बोलणाऱ्या माणसाचा आवाज, पण हॉटेलातल्या भज्यांच्या कढईपर्यंत पोचला. पोऱ्या झारा धरून उभाच राहिला. रुद्रगौडाने हातातलं भजं परत कागदावर ठेवलं.

"तो पानावरून उठला होता, गुळ्या," तो म्हणाला. "मी उठवला त्याला. उपाशी उठवला."

"हो."

रुद्रगौडाने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला, आणि गुळप्पाकडे न बघता हॉटेलातून निघून गेला. बाकीचेही एकेक करून उठले. कुणी शिवी दिली नाही, कुणी धीर दिला नाही. गुळप्पा तिथून मठात गेला, मग गिरणीवर, मग भावकीतल्या चार घरांत. प्रत्येक ठिकाणी तेच आणि तेवढंच सांगितलं. चुलतभावाच्या बायकोने तोंडावर दार लावलं. दुपारपर्यंत सांगायची गरज उरली नाही; गुळप्पाच्या आधी बातमीच पुढे पोचत होती.

ऊन कलल्यावर त्याने नीलव्वाला फोन केला.

"वैनी, सांगितलं. सगळ्यांना सांगितलं."

"काय म्हणाले?"

"माझ्याशी कुणी बोलत नाही. पण रुद्रगौडा शेतात गेलाय. आईच्या शेजारची जागा साफ करतोय, एकटाच. मी गेलो तर म्हणाला, तू लांब हो."



"सोमवारी येते," नीलव्वा म्हणाली. "त्यांना घेऊन येते."

फोन ठेवून गुळप्पा बांधावर बसला. खाली आंब्याखाली रुद्रगौडाचं खुरपं चालू होतं. चनवीरप्पा जाऊन चार महिने झाले होते, आणि गुळप्पा त्या दिवशी भावासाठी पहिल्यांदा रडला.