कोरडी जोडी

“पाय वर.”

मावशीचा आवाज इतका सपाट होता की समोरच्या गृहस्थांनी मुकाट्याने पाय स्टुलावर ठेवला. आम्ही त्यांना आपापसांत ट्रायपॉडवाले म्हणायचो, कारण आठ दिवसांत ते कॅमेऱ्याच्या त्या तीन पायांच्या स्टँडशिवाय जेवायलासुद्धा आले नव्हते. कंपनीच्या मालकांचे मित्र. ही ओळख त्यांनी स्वतःच, जहाजावर चढल्यापासून निदान पन्नास वेळा करून दिली होती.

मावशीने बुटाचा एक तळवा पाहिला, दुसरा पाहिला, ब्रश फिरवला आणि जंतुनाशकाच्या टबाकडे बोट दाखवलं. मग त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीची वेल्क्रोची पट्टी चर्रकन उघडली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, “ही पिशवी उतरणार नाही.”

मी पाण्यालगतच्या दाराबाहेर रबरी बोट धरून होतो. माझं काम तेवढंच, जहाजावरची माणसं बेटावर न्यायची आणि परत आणायची. आजची ही शेवटची फेरी. सात जण बोटीत बसले होते आणि दोन जागा रिकाम्या होत्या. एक ट्रायपॉडवाल्यांची, एक मावशीची.

मावशीच्या जागेचं सांगायला हवं. ही बेटं पृथ्वीच्या पार तळाशी, तिथे झाड नाही की घर नाही. पेंग्विन, सील, दगड आणि बर्फ. माणसाच्या बुटातून गवताचं एक बी गेलं आणि रुजलं, तर तिथलं सगळंच बिघडतं. म्हणून उतरण्याआधी प्रत्येकाचे बूट, खिसे, शिवणी, पट्ट्या तपासायच्या आणि कागदावर सही करायची. ती सही मावशीची. अकरा वर्षं ती त्या बुटांच्या खोलीत बसून जगभरातल्या लोकांचे तळवे बघत होती, आणि स्वतः एकदाही बेटावर उतरलेली नव्हती. आम्हा नोकरमाणसांनी उतरायचं नसतं. पहिल्या वर्षी तिलाही बूट मिळाले होते, सत्त्याण्णव नंबरच्या खुंटीचे. भिंतीवर बुटांची रांग टांगलेली असते, सगळे ठिबकत असतात. रांगेच्या टोकाची ती एकच जोडी कायम कोरडी.

“मावशी, त्या बुटांत कोथिंबीर तरी लाव,” मी चिडवायचो.

“बी कुठून आणू? सगळी मीच पकडते ना!” हे तिचं ठरलेलं उत्तर.

पण एक गोष्ट तिने फक्त मला सांगितली होती. सहा वर्षांपूर्वी नातीने फोनवर विचारलं, आजी, तू पेंग्विनांजवळ जातेस? आणि मावशीच्या तोंडून निघून गेलं, हो, रोज जाते. पोरीने ते वर्गभर केलं. आजी आणि पेंग्विन बर्फात शेजारी शेजारी उभे आहेत, असं चित्र काढून पाठवलं. ते मावशीच्या खाटेच्या डोक्याशी चिकटवलेलं होतं. “जन्मात कोणाला फसवलं नाही,” ती म्हणायची, “आणि फसवलं कोणाला, तर त्या चिमुरडीला.” आता गुडघे बोलायला लागले होते. ही तिची शेवटची सफर, आणि आमच्या मोहीमप्रमुखांनी सफरीच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत शब्द दिला होता की शेवटच्या बेटावर, शेवटच्या बोटीत मावशींची जागा पक्की.

आणि आता ती स्वतःच दारात आडवी उभी होती.

“बाई, तुम्हाला कल्पना आहे का मी कोण आहे?” ट्रायपॉडवाले म्हणाले.

“मला पाय आणि पिशवी कळते. त्याच्या वरचं मी बघत नाही.”

बोटीतलं कोणीतरी फिसकन हसलं. आवाज ऐकून प्रमुख आले. उंच, घाईतला माणूस, मनाने वाईट नव्हता. पण मालकांचा मित्र म्हटल्यावर चांगल्या माणसाचाही कणा मऊ होतो.

“मावशी, दुपारपर्यंत वारा उठणार आहे. करून टाका सही.”

“गवताचं बी आहे, साहेब. पट्टीत अडकलंय. एक नाही, बरीच आहेत.”

“किती वेळ लागेल?”

“वीस मिनिटं.”

“वीस मिनिटं बोट थांबणार नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “तुमची जागाही ह्याच बोटीत आहे, लक्षात घ्या. सही केलीत तर दोघंही जाल.”

मला वाटलं, मावशी, कर ना सही! एवढ्याशा बियांनी काय आभाळ कोसळणार आहे? खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला असंच वाटलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं, बोटीतल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग स्टूल ओढून दारात ठेवलं आणि त्यावर बसली.

“बोट जाऊ द्या,” ती म्हणाली. “माझ्या सहीशिवाय ही पिशवी जायची असेल, तर मला उचलून बाजूला ठेवा. गुडघे दुखतात माझे, जरा जपून उचला.”

प्रमुखांनी मला हात केला. मी सात जणांना घेऊन निघालो. मागे वळून पाहिलं तेव्हा मावशीने केसांतला आकडा काढला होता आणि पिशवी मांडीवर घेतली होती.

मी परत आलो तेव्हा काम संपत आलं होतं. ट्रायपॉडवाले बाकावर बसून टक लावून बघत होते. मावशी आकड्याच्या टोकाने एकेक बी उचकटून काचेच्या बाटलीत टाकत होती.

“अकरा,” ती म्हणाली. “कुठे गेला होतात ही पिशवी घेऊन?”

“घरामागे कुरण आहे आमच्या,” ते पुटपुटले. आवाजातला मालकांचा मित्र कुठे गेला होता कोण जाणे. “मला खरंच दिसली नव्हती हो.”

“दिसत नाहीत, म्हणून तर मी आहे.” तिने सही केली.

प्रमुखांनी घड्याळ पाहिलं. “एक फेरी जास्तीची करतो, फक्त पाहुण्यांसाठी. मावशी, तुम्हाला आता...” पुढचं त्यांनी गिळलं. मघाचा राग होता की वाऱ्याची भीती, ते मला अजून कळलेलं नाही. मावशी टबातलं पाणी बदलायला उठली. मला इतका संताप आला की बोटीची दोरी सोडताना हात सोलून घेतला.

दोन तासांनी सगळे प्रवासी परतले. बेटावर फक्त दोन मार्गदर्शक राहिले होते, वाटेवरचे लाल झेंडे गोळा करायला. त्यांना आणायला मी निघणार, तेवढ्यात ट्रायपॉडवाले मावशीसमोर आले. चेहरा फुललेला. त्यांनी मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर करडा, गुळगुळीत खडा.

“तुमच्यासाठी,” ते म्हणाले. “तुमचं जाणं माझ्यामुळे हुकलं. म्हटलं, बेटाचा एवढा तुकडा तरी तुमच्याकडे असावा.”

मावशीला मी अकरा वर्षांत पुष्कळदा चिडलेलं पाहिलं होतं, पण असं नाही.

“कुठून उचललात?”

“खालीच पडला होता. त्या काळ्या खडकाशी...”

“पडला नव्हता, ठेवलेला होता! पेंग्विन घरटं करतात खड्यांचं. तिथे काटकी नाही, पान नाही. एकेका खड्यासाठी चोची रक्ताळेपर्यंत भांडतात. आणि तुम्ही मला भेट आणलीत?”

त्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं. प्रमुख मध्ये पडले. “जाऊ द्या मावशी, भावना बघा त्यांची. खडा टाका समुद्रात.”

“समुद्रातून घरटं बांधणार का ते? बोट चाललीच आहे. मी नेऊन ठेवते.”

“हा ठेवेल की,” ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

“मला बोट सोडता येत नाही, सर,” मी म्हणालो. “नियम आहे.” नियम खरा होता. पण तो सांगताना मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

“मग मार्गदर्शकांना द्या.”

“ते वरच्या टेकाडावर आहेत. खाली येतील ते थेट बोटीत.”

प्रमुखांनी आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला काळं भरून आलं होतं. “पाच मिनिटं,” ते म्हणाले. “बसा लवकर.”

मावशीने रांगेच्या टोकाचे बूट काढले, घातले. पण बोटीत बसली नाही. तिने एक पाय स्टुलावर ठेवला.

“आधी तपासा.”

“तुमचे काय तपासायचे? त्यांना जमीन माहीत नाही अजून.” त्यांनी कागद ओढून भराभर सही केली. मावशीने कागद त्यांच्याकडे परत सरकवला.

“न बघता केलेली सही मी कोणाची चालवून घेतली नाही. माझ्यासाठीही नाही घेणार.”

खोलीत वीस-पंचवीस प्रवासी होते. वेळ जात होता तो तिच्याच पाच मिनिटांतला, आणि तरी ती हलेना. शेवटी प्रमुख खाली बसले, चक्क गुडघे टेकून. तळवे पाहिले, शिवणी पाहिल्या. उठता उठता कोटाच्या बाहीची पट्टी उघडली, आणि थांबले.

बाहीत एक बी होतं. सकाळी त्या पिशवीची पट्टी चर्रकन उघडली, तेव्हाच उडून चिकटलेलं असणार. बारावं.

मावशीचा चेहरा पांढरा पडला. सकाळी सही करून बोटीत बसली असती, तर पिशवी जे नेणार होती ते तीही घेऊन गेली असती. तिने केसांतला आकडा काढून प्रमुखांच्या हातात दिला. त्यांनी ते बी हळूच उचकटलं, बाटलीत टाकलं, आणि मग कागद नवीन घेऊन सही केली. ह्या वेळी सावकाश, पूर्ण नाव लिहून.

“चला, मावशी,” ते म्हणाले. “बघितलं मी.”

किनाऱ्याला बोट लावली तेव्हा लाटा दणके देत होत्या. मावशी गुडघाभर पाण्यात उतरली. मी हात दिला, तो तिने घेतला नाही. दगडांवरून ती हात पाठीमागे बांधून चालली होती, परक्याच्या घरात काही सांडू नये म्हणून चालावं तशी.

काळ्या खडकापाशी पोचायच्या आधीच एक पेंग्विन वाटेत येऊन उभा राहिला. पेंग्विन वाटेत आला तर माणसाने थांबायचं, पहिला मान त्याचा, हा तिथला नियम. मावशी थांबली. तोही थांबला. मान वाकडी करून तिला बघत राहिला.

“मावशी, बाजूने जा!” मी ओरडलो. “वारा आला!”

तिने हात हलवून मला गप्प केलं. मार्गदर्शक झेंडे घेऊन बोटीत येऊन बसले. तिची पाच मिनिटं त्या पठ्ठ्यासमोर उभं राहण्यातच चालली होती आणि ती हसत होती. हसता हसता कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती. शेवटी त्याला कंटाळा आला असावा. तो डुलत डुलत निघून गेला. मावशी खडकापाशी गेली, वाकली, खडा ठेवला, आणि एकदाही न रेंगाळता परत आली.

बोटीत मी म्हणालो, “मावशी, आता फोनवर खुशाल सांग.”

“आधी हे सांगेन की तेव्हा खोटं बोलले होते,” ती म्हणाली. “मग हे.”

जहाजावर आल्यावर तिने दोन्ही मार्गदर्शकांचे बूट धुतले, माझे धुतले. सगळ्यात शेवटी स्वतःचे नळाखाली धरले. तळव्यांच्या खाचांत पेंग्विनांच्या विष्ठेचा लालसर चिखल भरला होता.

“थोडा राहू दे की,” मी म्हणालो. “कोण बघतंय?”

“मी बघतेय ना,” ती म्हणाली, आणि ब्रश घेऊन एकेक खाच घासून काढली. मग बूट उचलून खुंटीवर टांगले, सत्त्याण्णव नंबराखाली. टाचांतून पाणी ठिबकत राहिलं. त्या भिंतीवर आता एकही जोडी कोरडी नव्हती.