जुईलीने मोजलेला ताप

ऑगस्टात इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं, शाळा बंद पडल्या, आणि मंगफ भागातल्या भारतीयांच्या इमारतीत पोरांना तापाने गाठलं. तिथेच राहणारी प्रेमा नर्स होती, हॉस्पिटलातून घरी यायला तिला कधी कधी दोन दिवस लागत. म्हणून तिने जिन्यात पाच पोरांना बसवून ताप मोजायला शिकवलं.

"वीज नाही, खोल्या भट्टीसारख्या तापल्यात. थर्मामीटर नुसता टेबलावर ठेवला तरी पारा वर चढतो, आणि आपणहून उतरत नाही. म्हणून आधी गार पाण्यात बुडवा. मग पंच्याण्णवच्या खाली येईपर्यंत झटका. मगच काखेत. आणि दोनशे मोजा."

त्यांतली शेजारची सात वर्षांची जुईली झटकून झटकून रडकुंडीला आली. चौथ्या दिवशी मात्र तिचा हात बसला.

सप्टेंबरात भारतात परतणाऱ्यांसाठी बसऱ्याकडे जाणारी बस ठरली. यादी इंजिनियर जयप्रकाशकडे होती. प्रेमा ड्यूटीवरून परतली तेव्हा बस भरत आली होती, आणि हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी रत्नागिरीची फखरुन्निसा लेकीला कुशीत घेऊन फुटपाथवर रडत होती.

"तिच्या पोरीला एकशे पाच ताप आहे, सिस्टर," जयप्रकाश म्हणाला. "बसमध्ये बाकीची मुलं आहेत. रिस्क नको."

"मोजला कोणी?"

"मीच. माझ्या गाडीतच होता थर्मामीटर."

बसच्या दारातून जुईली ओरडली, "अंकल, तुम्ही तो झटकलाच नाही! मी सांगितलं होतं तुम्हाला!"

प्रेमाची कानशिलं तापली. "जुईली, खाली ये. तू मोज."

जुईलीने थर्मामीटर पाण्यात बुडवला, झटकला, पोरीच्या काखेत ठेवला. दोनशेपर्यंत मोजताना ती एकदा चुकली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली.

"नाइंटी एट पॉइंट फोर."

जयप्रकाशने तिकडे पाहिलंही नाही. "आता जागा नाही. सीट भरल्या."

प्रेमा बसमध्ये चढली. मागच्या दोन सीटवर दोरीने बांधलेली खोकी होती. टीव्ही, व्हीसीआर.

"कोणाची ही?"

सगळे खिडकीबाहेर बघू लागले.

"मला वाटलं, तुम्हाला थर्मामीटर वाचता येत नाही," ती दारातून जयप्रकाशवर कडाडली. "तुम्हाला सगळं येतं! खोकी ठेवायची होती, म्हणून पोरीला ताप आणलात!"

"हळू बोला, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत!"

तिने टीव्हीचं खोकं ओढत दारापर्यंत आणलं आणि खाली ढकललं. आत काहीतरी फुटलं. तेव्हा कुठे दोघे पुरुष उठले आणि बाकीची खोकी उतरवू लागले. फखरुन्निसा लेकीला घेऊन मागे जाऊन बसली. जयप्रकाश यादी खिशात घालून चढला.

बस गेली. प्रेमा मागेच राहिली, तिची रजा मंजूर नव्हती. तिला संध्याकाळी पुन्हा ड्यूटी होती.

वॉचमन महबूब जवळ आला. "सिस्टर, इन डिब्बों का क्या करना है?"

"मला काय विचारता? जाळून टाका!" ती त्याच्यावरच खेकसली.

तो बिचारा दोन पावलं मागे सरला.